'समोर', 'वर' आणि 'मध्ये' : इंग्रजीत जागा आणि दिशा अचूक सांगण्यासाठी

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजीतले काळ मला फारसे चुकत नसत, शब्दसंग्रहही बरा होता. मात्र पत्ता किंवा वाट सांगायची वेळ आली की माझी वाक्ये ऐकणाऱ्याला चुकीच्या जागी नेऊन सोडत. नोकरीच्या पहिल्या वर्षी परदेशातून आलेल्या एका सहकाऱ्याला मी निरोप पाठवला होता, 'आय ॲम स्टँडिंग इन फ्रंट ऑफ युवर हॉटेल.' मी हॉटेलच्या समोर, म्हणजे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. तो हॉटेलच्या दारातच पायरीवर माझी वाट पाहत होता. मधून वाहनांची रांग चालली होती आणि आम्ही दोघेही बराच वेळ एकमेकांना शोधत राहिलो. मराठीत 'हॉटेलसमोर' म्हटले असते तर ते वाक्य अगदी बरोबर ठरले असते. इंग्रजीत ते चूक होते, आणि का चूक होते हे मला त्यानंतर बऱ्याच काळाने नीट समजले.

पुढे आयईएल्ट्स या इंग्रजी प्रावीण्याच्या परीक्षेची तयारी करताना हाच विषय पुन्हा समोर आला. त्या परीक्षेच्या श्रवण विभागात नकाशावर जागा ओळखण्याचा प्रश्न येऊ शकतो, आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते. 'बिहाइंड' आणि 'बिसाइड' यांत क्षणभर घोटाळा झाला की पुढची दोन उत्तरेही हातची जातात. त्या काळात मी स्वतःसाठी जी पद्धत बसवली, तीच येथे क्रमाने मांडत आहे.

मूळ अडचण अशी की मराठीतले एक शब्दयोगी अव्यय इंग्रजीतल्या चार-पाच शब्दांचे काम करते. 'वर' या एकाच शब्दासाठी इंग्रजीत 'ऑन', 'अबव्ह', 'ओव्हर', 'अप' आणि कधी 'ॲट'सुद्धा लागतो. म्हणून 'वर म्हणजे ऑन' अशी जोडी पाठ करणे हाच पहिला सापळा आहे. शब्दाचे भाषांतर करू नका. दोन वस्तूंमधला संबंध डोळ्यांपुढे आणा आणि मग शब्द निवडा.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

- कोरी वही आणि पेन्सिल. या अभ्यासात चित्र काढणे हे व्याकरण पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.
- आपल्या परिसराचा हाताने काढलेला नकाशा : घर, चौक, दवाखाना, शाळा, बसथांबा, देऊळ. ओळखीच्या जागा असल्या की लक्ष भाषेकडेच राहते.
- शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, ज्यात प्रत्येक अर्थाखाली उदाहरणाचे वाक्य असते. केवळ इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही, कारण त्यात 'ओव्हर' आणि 'अबव्ह' या दोन्ही शब्दांपुढे 'वर' असेच लिहिलेले सापडते.
- स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय असलेला फोन.

१. आधी वाक्याची मांडणी उलटवा

मराठीत संबंध दाखवणारा शब्द नामाच्या मागून येतो : 'टेबलाखाली', 'घरामागे'. इंग्रजीत तो नामाच्या आधी येतो : 'अंडर द टेबल', 'बिहाइंड द हाउस'. एवढे शाळेत सांगितले जाते. जे सहसा सांगितले जात नाही ते असे की संपूर्ण पत्त्याचा क्रमही उलटा होतो. आपण सहजपणे 'पुण्यात, टिळक रोडवर, दुसऱ्या मजल्यावर' असे मोठ्या जागेकडून लहान जागेकडे येतो. इंग्रजी वाक्य लहान जागेपासून सुरू होऊन मोठ्या जागेपर्यंत जाते : 'ऑन द सेकंड फ्लोअर, ऑन टिळक रोड, इन पुणे'. मराठी क्रमाने शब्द मांडत गेल्यास प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाक्य अडखळते. पहिला आठवडा केवळ याच सवयीसाठी द्यावा, असे माझे मत आहे.

मजल्यांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. आपण आणि ब्रिटिश लोक तळमजल्याला 'ग्राउंड फ्लोअर' म्हणतो आणि त्याच्यावरच्या मजल्याला 'फर्स्ट फ्लोअर'. अमेरिकेत मात्र सामान्यतः तळमजल्यालाच 'फर्स्ट फ्लोअर' म्हणतात. अमेरिकेत कोणी दुसऱ्या मजल्यावर बोलावले असेल, तर आपल्या हिशोबाने तो पहिला मजला असतो.

२. 'इन', 'ऑन' की 'ॲट' : स्वतःला एक प्रश्न विचारा

या तीन शब्दांसाठी एकच प्रश्न पुरतो : बोलताना मी ती जागा कशी पाहतो आहे? चहूबाजूंनी वेढणारी असेल तर 'इन', पृष्ठभाग किंवा रेषा असेल तर 'ऑन', आणि नकाशावर टाचणी टोचावी तसा केवळ एक ठिपका असेल तर 'ॲट'. म्हणून 'इन पुणे', 'ऑन टिळक रोड', 'ॲट द बस स्टॉप'. एकच जागा दोन प्रकारे पाहता येते. 'शी इज ॲट द बँक' म्हटले की ती बँकेच्या कामाला गेली आहे, कदाचित दाराबाहेरच्या रांगेत असेल. 'शी इज इन द बँक' म्हटले की ती इमारतीच्या आत आहे.

'ऑन' या शब्दाचा गाभा 'वर' हा नसून 'स्पर्श' हा आहे, आणि हे समजले की अनेक कोडी सुटतात. छताला खालच्या बाजूने चिकटलेली पाल ही इंग्रजीत 'ऑन द सीलिंग' असते, जरी ती छताच्या खाली असली तरी. भिंतीवरचे चित्र 'ऑन द वॉल' असते. नदी किंवा समुद्र यांना लागून असलेले गावही 'ऑन' असते : 'नाशिक इज ऑन द गोदावरी', 'रत्नागिरी इज ऑन द कोस्ट'. आपण काठाचा स्वतंत्र उल्लेख करतो; इंग्रजीला नदीच्या रेषेला गाव टेकले आहे एवढे पुरते.

आता एक असा सापळा, जो मला एका शिक्षिकेने दाखवेपर्यंत कधीच दिसला नव्हता. 'झाडावर आंबे आहेत' आणि 'झाडावर पक्षी आहे' या दोन्ही वाक्यांत आपण 'वर' वापरतो. इंग्रजीत आंबे 'ऑन द ट्री' असतात, कारण ते झाडालाच लागलेले असतात. पक्षी मात्र 'इन द ट्री' असतो, कारण तो पानाफांद्यांच्या आत बसलेला असतो. त्याचप्रमाणे फोटोतली माणसे 'इन द फोटो' असतात, 'ऑन द फोटो' नव्हे.

कोपऱ्याचेही असेच आहे. खोलीचा कोपरा आपल्याला आत घेतो, म्हणून 'इन द कॉर्नर'. रस्त्याचा कोपरा बाहेरच्या बाजूला निघालेला असतो, म्हणून 'ऑन द कॉर्नर' किंवा 'ॲट द कॉर्नर'. वाहनांसाठी सोपी खूण अशी : ज्यात उभे राहून चालता येते, त्यासाठी 'ऑन' (बस, रेल्वे, विमान, जहाज), आणि ज्यात वाकून शिरावे लागते, त्यासाठी 'इन' (मोटार, टॅक्सी, रिक्षा). त्यानुसार बसमधून उतरताना 'गेट ऑफ', तर मोटारीतून उतरताना 'गेट आउट ऑफ'. सायकल आणि घोडा यांच्यावर बसतो, म्हणून तेथे 'ऑन'.

३. 'समोर', 'पुढे' आणि 'मागे' वेगळे करा

माझी सर्वांत जुनी चूक येथे आहे, म्हणून या पायरीवर मी जरा थांबणार आहे. मराठीतल्या 'समोर' या शब्दात दोन चित्रे दडलेली आहेत. पहिल्या चित्रात एक वस्तू दुसरीच्या दर्शनी भागापुढे, त्याच बाजूला असते. दुसऱ्या चित्रात दोन वस्तू एकमेकींकडे तोंड करून असतात आणि मध्ये रस्ता, टेबल किंवा नदी असते. पहिल्यासाठी 'इन फ्रंट ऑफ', दुसऱ्यासाठी 'ऑपोझिट'.

पुण्यातल्या शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत पहिल्या बाजीराव पेशव्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो 'इन फ्रंट ऑफ शनिवारवाडा'. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर रस्त्यापलीकडे महानगरपालिकेची इमारत आहे. ती 'ऑपोझिट द स्टेशन'. या दोन जागा डोळ्यांपुढे ठेवल्या की पुन्हा गोंधळ होत नाही. 'ऑपोझिट' नंतर जागा सांगताना 'ऑफ' जोडू नका. 'द ऑपोझिट ऑफ' म्हणजे 'च्या विरुद्ध अर्थाचे'. 'इन फ्रंट' नंतर मात्र 'ऑफ' आवश्यक आहे.

याहून बारीक फरक 'इन फ्रंट ऑफ द कार' आणि 'इन द फ्रंट ऑफ द कार' यांत आहे. 'द' आला की आपण मोटारीच्या आत, पुढच्या सीटवर जाऊन बसतो. 'द' गेला की मोटारीच्या बाहेर, तिच्या पुढ्यात उभे राहतो.

'मागे' यासाठी 'बिहाइंड' वापरा. आपल्याकडे इंग्रजी बोलताना 'बॅकसाइड ऑफ द स्कूल' असे सर्रास म्हटले जाते. भारतात ते समजून घेतले जाते, पण भारताबाहेर 'बॅकसाइड' या शब्दाचा पहिला अर्थ 'पार्श्वभाग' असाच घेतला जातो. इमारतीच्या बाबतीत 'बिहाइंड द स्कूल' किंवा 'ॲट द बॅक ऑफ द स्कूल' असे म्हणावे.

'पुढे' हा शब्द वाट सांगताना आणखी एका अर्थाने येतो : 'देवळाच्या पुढे गेलात की आमचे घर'. येथे 'इन फ्रंट ऑफ' वापरले तर ऐकणारा देवळाच्या दारातच थांबेल. एखादी जागा ओलांडून पुढे जाणे म्हणजे 'पास्ट' : 'गो पास्ट द टेंपल'.

४. 'वर' आणि 'खाली' यांची फोड करा

स्पर्श असेल तर 'ऑन', हे वर आलेच आहे. स्पर्श नसेल तेव्हा 'अबव्ह' आणि 'ओव्हर' यांतून निवडावे लागते. एखादी वस्तू दुसरीला झाकत असेल, तिच्या डोक्यावरून आरपार जात असेल तर 'ओव्हर' : मुठेवरचा पूल हा 'ओव्हर द मुठा'. केवळ उंचीची पातळी सांगायची असेल, मग ती थेट डोक्यावर असो वा नसो, तर 'अबव्ह'. कळसूबाई शिखराची उंची १,६४६ मीटर 'अबव्ह सी लेव्हल' असते, कारण येथे समुद्राच्या पातळीशी केवळ तुलना आहे. तापमानही याच कारणाने 'अबव्ह ४० डिग्रीज' जाते.

'खाली'च्या बाबतीत 'अंडर' आणि 'बिलो' यांची जोडी याच नियमाने चालते. पाचाड हे गाव रायगडाच्या पायथ्याशी आहे. आपण त्याला गडाखालचे गाव म्हणतो. इंग्रजीत ते 'बिलो द फोर्ट'. 'अंडर द फोर्ट' म्हटले तर गडाच्या पोटात, जमिनीखाली गाव आहे असे चित्र उभे राहील.

'अप' आणि 'डाऊन' हे शब्द चढ-उतार नसतानाही वापरले जातात, हे लक्षात असू द्या. 'डाऊन द रोड' म्हणजे बहुतेक वेळा 'याच रस्त्याने थोडे पुढे' एवढेच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट यांच्याकडे येणारी गाडी 'अप' आणि तेथून दूर जाणारी 'डाऊन' असते; त्याचा जमिनीच्या उंचीशी काहीही संबंध नाही.

५. 'मध्ये', 'मधून' आणि 'जवळ'

दोन किंवा वेगवेगळ्या ओळखता येणाऱ्या वस्तूंच्या मध्ये असेल तर 'बिटविन', आणि एकत्र समूहात मिसळलेले असेल तर 'अमंग'. 'लोणावळा इज बिटविन मुंबई अँड पुणे'. पण 'अ हट अमंग द ट्रीज'. 'बिटविन'चा जोडीदार नेहमी 'अँड' असतो. 'बिटविन मुंबई टू पुणे' ही चूक आपल्याकडे इतकी रुजली आहे की छापील पत्रकांतही ती दिसते. 'टू' वापरायचाच असेल तर आधी 'फ्रॉम' हवा.

'मधून' यासाठी मार्गाचे स्वरूप पाहा. बोगदा, बाजार, जंगल, गर्दी अशा वेढणाऱ्या जागेतून जाताना 'थ्रू'. रस्ता, नदी, मैदान अशा पसरलेल्या जागेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाताना 'अक्रॉस'. रस्त्याच्या किंवा किनाऱ्याच्या लांबीने जाताना 'अलाँग'. मरीन ड्राइव्ह समुद्राच्या कडेने जातो, म्हणून 'अलाँग द सी'; वांद्रे-वरळी सागरी सेतू माहीमच्या उपसागराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, म्हणून 'अक्रॉस माहीम बे'.

'जवळ'साठी 'नियर' पुरेसा आहे आणि त्यानंतर काहीही जोडावे लागत नाही : 'नियर द स्टेशन'. 'नियरबाय द स्टेशन' हे चूक आहे. अगदी शेजारी असेल तर 'नेक्स्ट टू' किंवा 'बिसाइड'. शेवटी एस लागलेला 'बिसाइड्स' हा 'शिवाय' या अर्थाचा वेगळाच शब्द आहे. 'जवळचे स्टेशन' विचारताना 'नियरेस्ट' म्हणा. 'नेक्स्ट स्टेशन' म्हणजे यानंतर येणारे स्टेशन.

पत्त्यांमधला 'ऑफ' हा एक खास शब्द आहे. 'ऑफ कर्वे रोड' असे लिहिलेले असते तेव्हा तो दोन एफचा 'ऑफ' असतो आणि त्याचा अर्थ 'कर्वे रस्त्यावर नाही, तर त्याला फुटलेल्या एखाद्या गल्लीत' असा होतो. त्याला एका एफचा 'चा-ची-चे' अर्थाचा शब्द समजून अनेक जण मुख्य रस्त्यावरच घर शोधत फिरतात.

६. हालचाल असेल तर शब्द बदला

स्थिर असताना 'इन', आत शिरताना 'इन्टू'. स्थिर असताना 'ॲट', तेथपर्यंत जाताना 'टू'. केवळ रोख त्या बाजूला असेल आणि पोहोचण्याची खात्री नसेल तर 'टुवर्ड्स'. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे त्याला झेलता यावा असा चेंडू टाका. 'थ्रो द बॉल ॲट हिम' म्हणजे त्याला लागावा म्हणून फेका. एका छोट्या शब्दाने हेतूच बदलतो.

'अराइव्ह' या क्रियापदानंतर 'टू' कधीही येत नाही : शहरासाठी 'अराइव्ह इन', स्थानकासाठी 'अराइव्ह ॲट'. काही शब्द तर कोणताही आधार घेत नाहीत, आणि आपण मराठीतल्या 'ला', 'त', 'कडे' यांच्या सवयीने त्यांना उगाच शेपूट जोडतो. पुढची यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

- 'गो होम', 'गो देअर', 'गो अब्रॉड', 'गो अपस्टेअर्स' : यांत 'टू' नको.
- 'रीच पुणे' : 'रीच टू' किंवा 'रीच ॲट' नको.
- 'एंटर द रूम' : खोलीत शिरताना 'एंटर इन्टू' नको.

निघताना आपण 'मी येतो' म्हणतो, कारण 'जातो' म्हणणे आपल्याला अशुभ वाटते. ही आपल्या भाषेतली फार लोभस रीत आहे, पण ती इंग्रजीत नेता येत नाही. दाराशी उभे राहून 'आय ॲम कमिंग' म्हटले तर समोरचा माणूस गोंधळेल. तेथे 'आय ॲम लीव्हिंग' म्हणावे. उलट फोनवर 'मी तुमच्याकडे येतो' म्हणताना 'कम'च योग्य, कारण ऐकणाऱ्याच्या दिशेने होणारी हालचालही इंग्रजीत 'कम' असते.

७. डावे-उजवे आणि अष्टदिशा

डावे-उजवे सांगताना कोणाचे डावे, हे आधी ठरवा. 'ऑन युवर लेफ्ट' म्हणजे ऐकणाऱ्याच्या डाव्या हाताला. 'टू द लेफ्ट ऑफ द बँक' म्हणजे बँकेकडे पाहत असताना तिच्या डाव्या बाजूला. 'इन द लेफ्ट साइड' हे चूक. 'ऑन द लेफ्ट' पुरेसे आहे. वळायला सांगताना 'टर्न लेफ्ट ॲट द सिग्नल', आणि वळणे मोजून सांगायची असतील तर 'टेक द सेकंड लेफ्ट'. गोल फिरण्याची दिशा आठवायची असेल तर प्रदक्षिणा आठवा : ती 'क्लॉकवाइज' असते. उलट दिशेला ब्रिटनमध्ये 'अँटिक्लॉकवाइज' आणि अमेरिकेत 'काउंटरक्लॉकवाइज' म्हणतात.

उपदिशांना आपल्याकडे ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य अशी स्वतंत्र नावे आहेत. इंग्रजीत ती जोडून होतात आणि उत्तर किंवा दक्षिण नेहमी आधी येते : अनुक्रमे 'नॉर्थईस्ट', 'साउथईस्ट', 'साउथवेस्ट', 'नॉर्थवेस्ट'. 'वेस्टनॉर्थ' असा शब्द नाही. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव मिळते, त्यामुळे 'साउथवेस्ट मान्सून' नैर्ऋत्येकडून येतो. आपल्या 'नैर्ऋत्य मोसमी वारे' या नावातही हेच तत्त्व आहे.

'महाराष्ट्राच्या उत्तरेला' या शब्दांत आत की बाहेर हे स्पष्ट होत नाही. इंग्रजीत ते शब्दातच सांगावे लागते. नंदुरबार महाराष्ट्राच्या आतच आहे, म्हणून 'इन द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र'. मध्य प्रदेश बाहेर आहे, म्हणून 'टू द नॉर्थ ऑफ महाराष्ट्र'. भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत आणि नकाशाचे वर्णन लिहिताना हा फरक नक्की तपासला जातो.

८. सराव असा करा

रोज आपल्या हाताने काढलेल्या नकाशावरची एक वाट निवडा आणि घरापासून तेथपर्यंतचा मार्ग इंग्रजीत मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी, मूळ नकाशा न पाहता, ते ऐकत कोऱ्या कागदावर नवा नकाशा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहा. दवाखाना रस्त्याच्या भलत्याच बाजूला गेला असेल तर 'ऑपोझिट' चुकला आहे; देवळापाशीच रेघ थांबली असेल तर 'पास्ट' राहून गेला आहे. चूक व्याकरणाच्या नियमात शोधावी लागत नाही, ती कागदावर दिसते. मला ही पद्धत अंगवळणी पडायला सुमारे दोन महिने लागले.

परीक्षेसाठी तयारी करत असाल तर आणखी एक गोष्ट करा. ध्वनिफीत सुरू होण्यापूर्वी जो थोडा वेळ मिळतो, त्यात उत्तरे वाचण्याआधी नकाशावर प्रवेशद्वार आणि दिशादर्शक बाण शोधा, आणि बोलणारा कोठे उभा आहे तेथे पेन्सिलने ठिपका द्या. त्यानंतर येणारे प्रत्येक 'ऑन युवर लेफ्ट' त्या ठिपक्यावरून मोजायचे असते. बोलणारा 'ॲज यू वॉक थ्रू द गेट' म्हणाला की ठिपका दारातून आत सरकवा, आणि पुढचे उजवे-डावे त्या नव्या जागेवरून धरा.